साखरेचा शुभ्र साज

लग्नाचा केक म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो तीन-चार मजल्यांचा, पांढराशुभ्र, जणू लेस लावलेला केक. हा पांढरा रंग म्हणजे वधूच्या पावित्र्याची खूण, असे सर्रास सांगितले जाते. पण त्यामागचे एक कारण वाण्याच्या दुकानातले आहे! जुन्या काळी इंग्लंडमध्ये स्वच्छ पांढरी साखर फार महाग पडे. साहजिकच केक जितका पांढरा, तितके घर श्रीमंत.

मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ मध्ये आपल्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा थर द्यायला सांगितले. बदामाचा थर केवळ चवीपुरता नसतो. सुक्या मेव्याने भरलेल्या केकचा तपकिरी ओलावा वरच्या साखरेत उतरून डाग पडू नयेत, ही कामगिरीही तोच पार पाडतो.

१० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचे लग्न झाले. तिचा केक सुमारे ३०० पौंडांचा होता आणि त्याचा घेर ९ फुटांचा! ‘रॉयल आयसिंग’ हे नाव याच केकमुळे रूढ झाले असे म्हणतात. कृती मात्र त्याहून जुनी आहे. अंड्याचा पांढरा बलक, दळलेली साखर आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब. हे मिश्रण भरपूर फेटून कागदाच्या कोनात भरायचे आणि मेंदी काढावी तशी नक्षी काढायची. मेंदीचा हात बसलेल्या मुलीला हे काम फारसे परके वाटणार नाही. फरक एवढाच, की भांड्यावर ओले फडके टाकायला विसरले तर मिश्रण तिथेच सुकू लागते. एकदा वाळले की ते प्लास्टरसारखे कडक होते.

या कडकपणामुळेच केकवर मजले चढले. १८५८ मध्ये व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नातल्या केकचा फक्त खालचा मजला खरा होता. वरचे सारे नुसत्या साखरेचे. सगळे मजले खऱ्या केकचे दिसले ते १८८२ मध्ये, राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात.

पुढे सामान्य घरांतही असा केक लग्नाचा अविभाज्य भाग झाला आणि नेमके तेव्हाच दुसरे महायुद्ध आले. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग सुरू झाले. युद्धाच्या बहुतेक काळात माणशी आठवड्याला ८ औंस, म्हणजे पाव किलोहूनही कमी साखर मिळे. ऑगस्ट १९४० पासून तर बेकरीवाल्यांना केकवर आयसिंग करायलाच सरकारने बंदी केली. ज्या मुलींची लग्ने ठरली होती, त्यांनी काय करावे?

यावर तोड निघाली ती पुठ्ठ्याची! बेकरीवाले पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टरचे, नक्षीदार, मजलेदार पांढरे टोपण भाड्याने देऊ लागले. नातेवाईक आणि शेजारणी आपापल्या वाट्याची साखर, लोणी, मनुका काढून देत. त्यातून जेमतेम एक लहानसा केक होई आणि तो या टोपणाखाली झाकून ठेवत. फोटो निघेपर्यंत टोपण दिमाखात उभे राही. मग ते उचलले की खालचा साधा, तपकिरी केक पाहुण्यांत वाटला जाई. टोपण पुन्हा बेकरीत, पुढच्या नवरीसाठी. अशा किती नवऱ्यांच्या अल्बममध्ये तोच एक ‘केक’ असेल, कोण जाणे! एक घास साखरही अंगावर नसलेला हा केक अनेकांनी टाळला नाही, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे.

२० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले तेव्हाही रेशनिंग संपलेले नव्हते. तिच्या ९ फूट उंच, चार मजली केकसाठी ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी जिन्नस पाठवले. ‘दहा हजार मैलांचा केक’ हे त्याचे टोपणनाव त्यामुळेच. साखरेचे रेशनिंग उठायला १९५३ चा सप्टेंबर उजाडला.

आपल्याकडे रॉयल आयसिंगची अडचण वेगळीच. साखर मुबलक आहे, पण अंडे अनेक घरांना चालत नाही. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी ब्रिटिश राजघराण्यासाठी केक सजवणाऱ्या एडी स्पेन्स यांच्याकडे ही कला शिकून घेतली आणि नंतर बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगवर काम केले. अशा आयसिंगचे नाजूक भाग कागदावर काढून वाळवायचे, अलगद सोडवायचे आणि आयसिंगनेच एकमेकांना चिकटवायचे. मिलानच्या कॅथेड्रलवरून त्यांनी घडवलेल्या सुमारे १०० किलोंच्या वास्तूची नोंद लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने २०२२ मध्ये घेतली. घरी प्रयोग करून पाहायचा असेल, तर पावसाळा तेवढा टाळावा. दमट हवेत हे आयसिंग लवकर वाळत नाही आणि वाळलेली नक्षीही मऊ पडते.