मैत्री : निदानातील एक उपेक्षित प्रश्न

निद्रानाश, अग्निमांद्य, मलावष्टंभ अशा तक्रारी घेऊन वर्षानुवर्षे येणारे वृद्ध रुग्ण आपणा सर्वांच्याच परिचयाचे आहेत. त्यांची प्रकृती, नाडी, जिव्हा, आहार, विहार यांची विचारपूस आपण साक्षेपाने करतो. कल्प बदलतो, अनुपान बदलतो. परंतु ‘मनातले बोलावे असे आपल्याला कोणी आहे काय?’ हा प्रश्न क्वचितच विचारतो. माझ्या मते ही निदानातील मोठी उणीव आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे की, योग्य मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नदेखील चिंता, शोक, भय, क्रोध यांमुळे पचत नाही. जोडीदार गेला, समवयस्क स्नेही एकेक करून निवर्तले, मुले परगावी स्थिरावली. अशा माणसाचा शोक हलका करणारे कोणी नसेल, तर केवळ दीपन-पाचनाने अग्नी कितीसा सावरणार? जगातील दर सहा व्यक्तींमागे एक व्यक्ती एकाकीपणाने ग्रस्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात नमूद केले आहे.

आप्तांना कर्तव्याचे बंधन असते. मित्राला ते नसते, आणि म्हणूनच त्याच्या येण्याचे मोल अधिक. तो पथ्य मोडल्यास हक्काने दटावतो, सकाळी फिरायला जाण्यासाठी दाराशी हाक मारतो, तीच कथा पुन्हा ऐकून घेतो. हे कार्य कोणत्याही कल्पाचे नाही.

सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात परिचारकाच्या गुणांमध्ये अनुराग गणला आहे, आणि तेथेच वैद्याच्या चतुर्विध वृत्तीत मैत्रीचा उल्लेख सर्वप्रथम येतो. अर्थात, वैद्याची मैत्री रुग्णाच्या सुहृदांची जागा घेऊ शकत नाही. मात्र तुटलेला स्नेह पुन्हा जोडण्यास, गावातील भजनी मंडळ वा ज्येष्ठांच्या कट्ट्याकडे पाऊल वळविण्यास आपला शब्द उपयोगी पडतो. कारण वैद्याचा शब्द रुग्ण मानतो.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. एक पुडी घेऊन दहा मिनिटे बोलत थांबणारा ग्राहक अनेकदा औषधासाठी आलेलाच नसतो. त्याच्या हाती अश्वगंधाचूर्णाचा आणखी एक डबा ठेवणे सोपे आहे. त्याचे म्हणणे ऐकून घेणे आणि त्याच्या वैद्यांच्या कानी घालणे अधिक हिताचे आहे.

आपल्या केसपेपरवर आहार, निद्रा, व्यसन यांचे रकाने आहेतच. त्यांच्याखाली ‘स्नेहीजन’ असा एक रकाना असावा. तो रिकामा राहिला, तर चिकित्सेचा आरंभ तेथूनच करावा.