इलेक्ट्रोडची संख्या नव्हे, पृष्ठभाग महत्त्वाचा

न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत पहिले उपकरण बसवले, तेव्हा जगभरच्या बातम्यांत एकच आकडा गाजला. ६४ धाग्यांवर १०२४ इलेक्ट्रोड! काही आठवड्यांतच त्यातले अनेक धागे मेंदूतून मागे सरकले. कंपनीने ही गोष्ट मे २०२४ मध्ये मान्य केली. संगणकप्रणालीत बदल करून तिने कामगिरी सावरली हे खरे. पण इलेक्ट्रोड मोजून अशा उपकरणाचे भवितव्य ठरत नाही, हे या प्रकाराने दाखवून दिले. ते ठरते धातू आणि चेतापेशी एकमेकांना भिडतात तिथे.

मेंदू मऊ असतो, सुई कठीण. सुई शिरताच सूक्ष्म रक्तवाहिन्या तुटतात, मेंदूतल्या संरक्षक पेशी धावून येतात आणि काही आठवड्यांत परक्या वस्तूभोवती व्रणाचे आवरण तयार करतात. चेतापेशी दूर राहतात, संदेश क्षीण होत जातो. २००४ पासून ब्रेनगेट प्रकल्पात वापरल्या गेलेल्या ‘यूटा’ सुयांचाही अनुभव असाच आहे. अर्थात त्याला सन्माननीय अपवाद आहेत. उपकरण बसवून एक हजार दिवस झाल्यानंतरही एक रुग्ण पडद्यावरील बाण हलवू शकत होती, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

या अडचणीवर उपाय म्हणून नॅनो तंत्रज्ञानाकडे बोट दाखवले जाते. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग गुळगुळीत न ठेवता त्यावर मीटरच्या अब्जांश मापाचे उंचवटे, छिद्रे किंवा कार्बनच्या नलिका निर्माण करायच्या, अशी ही कल्पना आहे. तिच्यामागे दोन निरनिराळे दावे आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच बरीच अतिशयोक्ती होते. पहिला दावा विजेचा. खडबडीतपणामुळे तेवढ्याच जागेत प्रत्यक्ष क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते. विद्युतरोध घटतो, संदेशातला गोंगाट कमी होतो आणि ऊतींना इजा न करता अधिक विद्युतभार देता येतो. याबद्दल फारसा वाद नाही. हृदयाच्या पेसमेकरच्या तारांची टोके तर कैक वर्षे अशीच खडबडीत केली जात आहेत.

दुसरा दावा जीवशास्त्राचा आणि अधिक आकर्षक आहे: पेशींना हे उंचवटे ‘जाणवतात’. इटलीतील त्रिएस्ते येथील संशोधकांना २००५ मध्ये कार्बन नलिकांच्या थरावर वाढवलेल्या चेतापेशींत संदेशांची देवाणघेवाण वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात सच्छिद्र सोन्यावर व्रणकारक पेशी कमी पसरल्या, चेतापेशी मात्र टिकल्या. हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत, पण ते काचेच्या बशीतले आहेत. बशीत रक्त नसते. जिवंत मेंदूत इलेक्ट्रोडवर प्रथम रक्तातली प्रथिने चिकटतात. ती स्वतःच काही नॅनोमीटर आकाराची असल्याने उंचवट्यांमधल्या खळग्या भरून काढतात. पेशीला मग धातूऐवजी हा थरच भेटतो. शिवाय सुईची जाडी आणि लवचिकता यांचा परिणामही मोठा असतो. पृष्ठभाग कितीही कुशलतेने घडवला तरी ताठ सुई मेंदूच्या प्रत्येक स्पंदनाबरोबर घासतच राहते.

याहून गंभीर प्रश्न टिकाऊपणाचा आहे. पातळ लेप कालांतराने तडकतो, सुटतो. सुटलेले कण मेंदूत कुठे जातात आणि तिथे काय करतात, याचे उत्तर काही आठवड्यांच्या प्रयोगातून मिळत नाही. प्रिसिजन न्यूरोसायन्स या कंपनीच्या, मेंदूच्या पृष्ठभागावर नुसत्या टेकवायच्या पातळ पट्टीला अमेरिकी नियामकांनी एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली, तीही जास्तीत जास्त ३० दिवसांच्या वापरासाठी. मणक्याला इजा झालेला तरुण रुग्ण मात्र पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा विचार करून डोक्यात उपकरण बसवून घेतो.

तेव्हा कंपन्यांना वाहिन्यांची संख्या विचारण्यापेक्षा, काढून घेतलेल्या प्रत्येक उपकरणावर लेप किती उरला होता आणि त्याभोवतीच्या चेतापेशींची अवस्था काय होती, हे जाहीर करायला लावणे अधिक उपयोगी ठरेल. ही तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली करता येते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ती नेहमी केली जाते. माणसांच्या बाबतीतही ती बंधनकारक करण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. अडचण आहे ती व्यापारी गुप्ततेची.