काटोलचा दगड आणि आकाशगंगेचा नकाशा

वरूडहून काटोलकडे निघालं की वाटेत आपल्यासारख्याच संत्र्याच्या बागा लागतात. त्या काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी भरदुपारी आकाशातून दगड पडले. तपासणीत कळलं, की हा अशनी साडेचार अब्ज वर्षांपूर्वी ८०० अंश सेल्सियसहून अधिक तापून भाजून निघालेला आहे.

थंडगार अवकाशातल्या लहानशा खगोलाला भाजलं कुणी? बहुतेक शास्त्रज्ञ बोट दाखवतात ॲल्युमिनियम-२६ कडे. आपल्या जर्मनच्या पातेल्यातलं ॲल्युमिनियम-२७ स्थिर असतं. हे त्याचं भावंड किरणोत्सारी. साधारण सात लाख वर्षांत ते निम्मं उरतं. काटोलच्या दगडातलं मूळचं तर केव्हाच संपलं.

आकाशगंगेत मात्र ते आजही तयार होतंय. त्याचा क्षय होताना १८०९ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण निघतो. १९९१ ते २००० या काळात ‘कॉम्पटेल’ दुर्बिणीनं आणि पुढे युरोपच्या ‘इंटिग्रल’नं हे किरण टिपून नकाशे काढले. पेट स्कॅन काढून आलेल्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल : आत किरणोत्सारी पदार्थ, बाहेर गॅमा किरण टिपणारं यंत्र. नकाशावरून आकाशगंगेत असं ॲल्युमिनियम सूर्याच्या दोन-तीन पट वस्तुमानाचं भरलं. शतकात साधारण दोन महाकाय तारे फुटतात, असा हिशेबही निघाला.

पण हे नकाशे फार ढोबळ आहेत. ‘इंटिग्रल’चं काम फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबलं. ‘नासा’ची ‘कोसी’ दुर्बीण २०२७ मध्ये सोडण्याचं नियोजन आहे. आणि आपण? २०१५ च्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरच्या क्ष-किरण उपकरणांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या ‘आयुका’चा मोठा वाटा आहे. माणसं आहेत, अनुभव आहे. पण १८०९ च्या या किरणांचा नकाशा काढणारी भारतीय दुर्बीण अवकाशात नाही. ती हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानं कपाशीचा भाव वाढणार नाही, हे कबूल. उपयोगाची खोटी आश्वासनं देऊन विज्ञानासाठी पैसा मागू नये. आपण कशापासून घडलो, हे जाणून घ्यायला खर्च करावा की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि तो उघड विचारावा.

दुर्बिणीला वर्षं लागतील. तोवर काटोलच्या दगडाचा एखादा तुकडा अमरावती-अकोल्याच्या शाळांतून फिरवायला काय हरकत आहे? ‘अर्धायुष्य काल’ पाठ करणाऱ्या पोरांनी तो एकदा हातात धरून तरी पाहावा.