सोडियमने काय केले?

परवा आहुप्याला मित्राकडे गेलो होतो. ओसरीवर त्याची दहावीतली मुलगी घोकत बसली होती, "सिल्व्हर नायट्रेट अधिक सोडियम क्लोराइड, बाण, सिल्व्हर क्लोराइड अधिक सोडियम नायट्रेट..."

मी विचारले, "यात सोडियमने काय केले गं?"

"काका, त्याने जोडीदार बदलला."

चूक तिची नाही, आपण शिकवतोच तसे. मीठ पाण्यात विरघळले की सोडियम आणि क्लोराइडचे आयन तिथेच सुटे होतात. सिल्व्हर नायट्रेटचेही तेच. द्रावणे एकत्र केली की सिल्व्हरला क्लोराइड भेटते आणि न विरघळणारा पांढरा अवक्षेप खाली बसतो. सोडियम आणि नायट्रेट होते तसेच पाण्यात फिरत राहतात. 'तयार झालेले' सोडियम नायट्रेट पाणी आटवल्याशिवाय तयारच होत नाही! लग्न दोघांचे, बाकी सगळे वऱ्हाडी.

खरे समीकरण एवढेच: सिल्व्हर आयन + क्लोराइड आयन → सिल्व्हर क्लोराइड. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घ्या नाहीतर हायड्रोक्लोरिक आम्ल, ओळ तीच. आपण मात्र पोरांकडून तीन समीकरणे पाठ करून घेतो.

यावर ठरलेली उत्तरे दोन. एक, "आयनांची समीकरणे अकरावीत बघू." अहो, आयन तर दहावीच्या आधीच शिकवून झालेले असतात! दुसरे, "सिल्व्हर नायट्रेट महाग." मग हवे कशाला ते? आम्ही पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवला आणि सकाळी वरची निवळी दोन पेल्यांत घेतली. एकात धुण्याच्या सोड्याचे पाणी ओतले, दुसऱ्यात मी नळीने फुंकत राहिलो. दोन्हीकडे तोच दुधी रंग, कॅल्शियम कार्बोनेटचा. आणि दुसऱ्या पेल्यात सोडियम नव्हताच!

पोरगी क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सोडियम नुसता बघ्या!"

एवढेच तर शिकवायचे होते.

आणि या भागात तर घरोघरी हिरडा. हिरड्याचा काढा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी घरी करत. हिरड्यातले टॅनिन लोहाच्या आयनांना धरते आणि हवा लागली की काळे पडते. हिराकसातला सल्फेट तिथेही बघ्याच. ज्या घरात हिरडा वाळतो, तिथल्या मुलीने कधी न पाहिलेल्या क्षाराची समीकरणे घोकायची, याला मी शिकवणे म्हणत नाही.

असो. तुमच्या घरात कोणी दहावीत असेल तर समीकरण म्हणून दाखव असे सांगू नका. फक्त विचारा, सोडियमने काय केले?