जाहीर आवाहन : आमची मुलं न पाहता त्यांची ॲप्स बनवू नका

वर्धेकरहो,

परवा जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमात 'स्वमग्न मुलांसाठी खास' म्हणून एक ॲप दाखवलं. बोट चुकलं की कर्कश भोंगा, बरोबर आलं की फटाके. आमच्या पालकगटातला एक सात वर्षांचा मुलगा कान दाबून टेबलाखाली जाऊन बसला. आयोजक म्हणाले, "घरी सवय लावा." सवय त्यानेच लावून घ्यायची? बनवण्याआधी असं एक तरी मूल तुम्ही पाहिलं होतं का?

अशा ॲप्समधली चित्रं तर बघा. सँडविच, बर्फ, दुमजली बस! आर्वी-कारंजाच्या पोरांना लाल एसटी, पऱ्हाटी, ज्वारीची भाकर कळते. पोरगं 'पाणी' दाबायला जातं आणि मधेच जाहिरात उगवते. दर अपडेटला बटणांच्या जागा बदलतात. रोज तेच, तिथेच असलं तर ज्याचा जीव शांत राहतो, त्याचं घरच तुम्ही रातोरात हलवता. रेंज गेली की ॲप मुकं, सोबत मूलही.

जमत नाही म्हणू नका. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रं दाबून बोलायचं 'जेलो' ॲप फुकट आहे, मराठीतही चालतं. शिवाय हा मुलांचा हक्कच आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 30 एप्रिल 2025ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

"चित्रं दाबली तर पोर बोलणारच नाही" म्हणणाऱ्यांशी वाद घालायला आम्हाला वेळ नाही. अशा साधनांनी बोलणं अडत नाही, हे अभ्यासांतून केव्हाच दिसलंय.

आता कामाचं. पालकांनो, घरातल्या ताटाचे, गोठ्याचे, आजीचे फोटो काढा. शब्द तुमच्याच आवाजात भरा. "मला पाणी हवे आहे" असं आपल्याकडे कोणतं पोर म्हणतं? ते म्हणतं, "पाणी दे ना वं माय." सेवाग्रामच्या अभियांत्रिकीतल्या पोरापोरींनो, कोड लिहिण्याआधी आमच्या रविवारच्या बैठकीत दोन तास नुसते बसा. मोठी बटणं, आवाज बंद करायची सोय, घड्याळाची घाई नको, जाहिरात नको, स्वस्त फोनवर नेटविना चालायला हवं. शिक्षकांनो, वर्गात मुलाचा फोन काढून घेऊ नका. तो त्याचा आवाज आहे. दिव्यांग प्रमाणपत्र राहिलं असेल तर याच महिन्यात अर्ज करा, आमची माणसं सोबत येतील. एकही पालक आम्ही एकटा पाठवलेला नाही.

1937 साली 'नई तालीम' या शिक्षणपद्धतीचा विचार याच वर्ध्यात मांडला गेला. तिथेच मूल न पाहता त्याचं शिक्षण ठरावं, याची लाज वाटू द्या.

परवा भोंगा वाजवणाऱ्यांनीही रविवारी जरूर यावं. फक्त येताना फोन सायलेंटवर ठेवा.