फोन चालू, बँक बंद

आज पिकावर नाही, खिशातल्या फोनवर लिहितो. ऐन कापूस वेचणीत बऱ्याच जणांची हीच अडचण आहे, म्हणून.

माझा फोन २०१७ चा, अँड्रॉइड ७ वाला. कॉल लागतो, व्हॉट्सॲप चालतं, बॅटरी एकदा बदलली. पण यंदा दिवाळीच्या तोंडावर बँकेचं ॲप उघडलं, तर या फोनवर चालणार नाही एवढंच लिहून आलं. आधी मेसेज नाही, शाखेत फलक नाही. काउंटरवर उत्तर मिळालं, "काका, नवा फोन घेऊन टाका."

घेऊन टाका म्हणणं सोपं आहे. साधा फोनही दहा हजारांच्या आसपास जातो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता, सोयाबीनचा ५,३२८. म्हणजे एका फोनला सव्वा क्विंटलच्या वर कापूस, नाहीतर जवळपास दोन क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर. वेचणीची मजुरी अजून त्यात धरलीच नाही.

बँकेची बाजू खोटी नाही, हेही सांगतो. फोन कंपनी काही वर्षांनी सुरक्षेचे अपडेट देणं थांबवते. मग नवीन सापडलेली भोकं तशीच राहतात. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते, कोणी ती टाकून घेतो आणि खातं साफ होतं. हे आपल्याकडे घडतं आहे. जुन्या फोनमध्ये असा धोका जास्त. त्यामुळे जुना अँड्रॉइड कधी ना कधी बंद होणार, हे मला मान्य आहे.

माझं भांडण वेगळं आहे. फोन आता शेतीचं अवजार झाला आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर. यंदा सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. पैसे खात्यात, आणि खातं पुन्हा फोनवर. पण वखराची पास झिजली तर लोहाराकडे जाता येतं, फवारणी पंपाचं वॉशर गेलं तर वीस-तीस रुपयात काम होतं. फोनचं आयुष्य मात्र दुसराच ठरवतो, आणि आपल्याला शेवटच्या दिवशी कळतं.

सरकारलाही हे नातं माहीत आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं आणि मोबाईल दोन्ही होते. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच आहे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे खोक्यावर कॅमेरा किती मेगापिक्सेल हे मोठ्या अक्षरात असतं, अपडेट किती वर्षं ते शोधावं लागतं.

म्हणून बँकेकडे तीन मागण्या. ॲप बंद करायच्या सहा महिने आधी मराठीत मेसेज द्या, कोणता अँड्रॉइड चालेल ते आकड्यात लिहा. बंद करायची तारीख पेरणीच्या आणि वेचणीच्या महिन्यांत ठेवू नका. आणि साध्या फोनचे रस्ते शाखेत नीट शिकवा.

हे रस्ते आहेत, पण कोणी सांगत नाही. *९९# डायल केलं की इंटरनेटशिवाय शिल्लक कळते, एका वेळी पाच हजारांपर्यंत पैसे पाठवता येतात. मार्च २०२२ पासून कीपॅड फोनसाठी यूपीआय १२३पे आहे. दोन्हीला खात्याशी जोडलेला नंबर लागतो. बँक मित्राकडे आधारवर अंगठा देऊनही पैसे निघतात, पण मातीत काम करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा मशीन धरत नाही. त्यामुळे एकाच रस्त्यावर भरवसा ठेवू नका.

फोन घ्यावाच लागला तर दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: सुरक्षेचे अपडेट अजून किती वर्षं? जुना हातचा फोन घेताना तर नक्कीच. स्वस्तात मिळालेला फोन वर्षभरात पुन्हा बँकेबाहेर गेला तर तो महागच पडला. आणि जुना फोन देण्याआधी नव्यावर बँकेचं ॲप चालू करून बघा, मगच जुन्यातलं सगळं पुसा.

कृषी सहाय्यक आणि एफपीओवाल्या मित्रांनाही विनंती. नवीन ॲप सांगताना ते कोणत्या अँड्रॉइडच्या पुढे चालतं, तेही सांगत जा. गावात कोणाकडे कोणता फोन आहे याचा अंदाज तुम्हाला आहे, ॲप बनवणाऱ्याला नाही.

तुमच्या गावात कोणाकोणाचं ॲप बंद पडलं आणि फोन कोणत्या सालचा, तेवढं कळवा. खाते नंबर कोणी लिहू नका. यादी झाली की शाखेत लेखी अर्ज देऊ. एकट्याला "फोन घ्या" म्हणता येतं, चाळीस जणांना लेखी उत्तर द्यावं लागतं.