गोदीतला मुक्काम

आपल्या कोकणातल्या किती तरी घरांतली मुले जहाजावर आहेत. "जहाज दुरुस्तीला लागलंय" असा फोन आला की आपण म्हणतो, "अल्लाहचा शुक्र, आता चार दिवस आराम!" पण तिथे आराम नसतो.

७ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकी नौदलाचे 'चार्ल्स ड्र्यू' हे जहाज दुरुस्तीसाठी चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली गोदीत आले. त्यांचे जहाज भारतात दुरुस्त होण्याची ती पहिलीच वेळ. अशा मुक्कामात राहते घरच कारखाना होते. दिवसभर ठोकाठोक, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि प्रत्येक ठिणगीवर कुणाचा तरी जागता पहारा. हा पहारा किती मोलाचा, ते २०२० मध्ये दिसले. सॅन दिएगो बंदरात दुरुस्तीला लागलेली 'बोनहोम रिचर्ड' ही युद्धनौका चार दिवसांहून अधिक जळत राहिली आणि कायमची निकामी झाली.

त्यातून परक्या बंदरात सुट्टी मिळाली, तरी घर दूरच असते. म्हणून पुढचा फोन आला की "मजा आहे तुझी" असे न म्हणता आपण विचारू या, "बेटा, झोप झाली का? जेवलास का?"